काडतूस बदलले की नेम का बदलतो?

ज्या मासिकात बी-बियाणे, खते, रोगराई व बाजारभाव यांचीच चर्चा व्हावयाची, त्यात रिव्हॉल्व्हर आणि काडतूस यांचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु नाशिक जिल्ह्यातील वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे हे नवल फार वेळ टिकणार नाही. निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागायतदार, लासलगाव-येवल्याकडील कांदा उत्पादक यांची घरे बहुधा गावापासून दूर, मळ्यात असतात. हंगामात पैशांची ने-आण होते आणि रात्री-अपरात्री एकट्याने परतण्याचा प्रसंग येतो. अशा कारणांनी रीतसर परवाना काढून शस्त्र बाळगणारे बागायतदार आपल्यात आहेत. मात्र शस्त्र घेताना ते जितकी चौकशी करितात, तिच्या शतांशही काडतूस घेताना करीत नाहीत. दुकानात जे मिळाले ते आणावे, कपाटात टाकावे आणि पाच-सात वर्षे त्याकडे ढुंकूनही पाहू नये, असाच सर्वत्र परिपाठ आहे. ज्या वस्तूची सुटलेली गोळी परत बोलाविता येत नाही, तिच्याविषयी इतकी बेफिकिरी बरी नव्हे, म्हणून आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम कायद्याविषयी दोन शब्द. १८७८ च्या जुन्या शस्त्र-कायद्याच्या जागी १९५९ चा कायदा आला. पीकसंरक्षणासाठी त्या कायद्याने जे हत्यार कल्पिले आहे ते ठासणीची बंदूक होय, रिव्हॉल्व्हर नव्हे. रिव्हॉल्व्हरचा परवाना आत्मसंरक्षणासाठी असतो. जिल्ह्यात तो जिल्हादंडाधिकारी या नात्याने कलेक्टर देतात, व नाशिक शहराच्या आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात. उसात शिरणाऱ्या बिबट्यावर रोखण्याचे तर हे साधनच नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बिबट्यास पहिल्या अनुसूचीतील संरक्षण आहे आणि आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यास केवळ जखमी करून अधिक भयंकर करील. तेव्हा पुढील सर्व विवेचन आत्मसंरक्षणाचे शस्त्र बाळगणाऱ्या जबाबदार गृहस्थासाठी आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

काडतुसाची चार अंगे

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. घोड्याचा आघात टोपीवर होतो, टोपीची ठिणगी दारूस लागते, दारूचा वायू होतो आणि तो वायू गोळीस पुढे लोटतो. नळीच्या आत कोरलेले पीळ गोळीस फिरकी देतात आणि भोवरा जसा फिरता असेपर्यंत उभा राहतो, तशी ती फिरती गोळी सरळ जाते. या चारांपैकी एकही अंग बदलले की परिणाम बदलतो. बियाणे बदलल्यावर पीक बदलते यात ज्यास आश्चर्य वाटत नाही, त्यास काडतूस बदलल्यावर नेम बदलतो यातही वाटू नये.

आपल्याकडील परवानाधारकांच्या हाती सरकारी कारखान्यात बनलेले .३२ मापाचे रिव्हॉल्व्हर बहुतकरून आढळते. ते कानपूर येथे तयार होते. २०१४ साली त्याच मापाचे ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हरही तेथूनच निघाले. त्यांस लागणारे काडतूस १८९६ सालचे, अमेरिकेतील स्मिथ आणि वेसन या कारखान्याने काढलेले ‘.३२ लाँग’ या जातीचे आहे. नाव .३२ असले तरी गोळीची खरी जाडी सुमारे .३१२ ते .३१४ इंच भरते. नेहमीची गोळी शिशाची, गोल तोंडाची, ९८ ग्रेन म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या किंचित वर वजनाची असते आणि तिचा वेग सेकंदास सुमारे ७०० फूट धरतात. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा असून त्याच्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही इंग्रजी अक्षरे दिसतात. २०२१ साली सरकारी शस्त्रकारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला.

एकाच आकड्याची तीन भावंडे

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. दुकानात ‘बत्तीसचे काडतूस द्या’ एवढेच म्हणून भागत नाही, कारण .३२ या नावाची निदान तीन काडतुसे आहेत. पहिले वर सांगितलेले लाँग. दुसरे १८७८ सालचे आखूड. ते लाँगच्या घरात बसते व सुटतेही. परंतु पुंगळी आखूड असल्याने गोळीस नळीचे तोंड गाठण्यापूर्वी घरातच अधिक अंतर मोकळे जावे लागते. त्या मोकळ्या उडीत ती किंचित तिरपी होते आणि नेम विसकटतो. तिसरे काडतूस पिस्तुलाचे. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांत भेद आहे: पिस्तुलाची काडतुसे मुठीतील पेटीतून आपोआप वर चढतात, रिव्हॉल्व्हरची फिरत्या चक्राच्या घरांत असतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर जे हत्यार चालविले ते ब्राउनिंग पिस्तूल होते, रिव्हॉल्व्हर नव्हे. पिस्तुलाचे .३२ काडतूस कित्येक रिव्हॉल्व्हरांच्या घरात कसेबसे शिरते. पण त्याच्या आतील दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाहून बराच अधिक असतो. शिरते म्हणून चालते, असे समजू नये. परवाना व हत्यार यांवर कोरलेले माप ताडून पाहिल्याशिवाय काडतुसाची डबी घरी आणूच नये.

गोळी वर का लागते, खाली का लागते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की जड गोळी जमिनीकडे लवकर ओढली जाते, म्हणून ती खाली लागावी. प्रत्यक्षात रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा उलट घडते: जड व मंद गोळी वर लागते, हलकी व वेगवान गोळी खाली लागते. याचे कारण धक्क्यात आहे. गोळी पुढे निघाल्याबरोबर हत्यार मागे सरू लागते. आपली मूठ नळीच्या रेषेच्या खाली असल्याने ते नुसते मागे न जाता तोंड वर उचलते. मंद गोळी नळीत अधिक काळ राहते आणि जड गोळी धक्काही अधिक देते. म्हणून ती बाहेर पडेपर्यंत नळीचे तोंड अधिक वर गेलेले असते. हलकी गोळी त्यापूर्वीच निसटून जाते. हा सर्व खेळ सेकंदाच्या सहस्रांशाच्या आसपास आटोपतो, पण नेम बदलण्यास तेवढा पुरतो.

हिशेब करून पाहावा. ७०० फूट वेगाची गोळी १० यार्डांवर पोहोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने एक तृतीयांश इंचाच्या किंचित वर खाली येते. ६०० फूट वेगाची गोळी सुमारे अर्धा इंच येते. दोहोंत फरक अवघा एक अष्टमांश इंच. पंचवीस यार्डांवर हाच फरक पाऊण इंचाच्या आसपास होतो. उलट, धक्क्यामुळे नळीचे तोंड पाव अंशाने जरी अधिक उचलले गेले तरी १० यार्डांवर दीड इंचाहून थोडा अधिक आणि २५ यार्डांवर जवळजवळ चार इंच फरक पडतो. यावरून घराच्या अंगणाएवढ्या अंतरावर गुरुत्वाकर्षणापेक्षा धक्क्याचाच अंमल मोठा, हे उघड होते.

सैन्यांसही हा विषय चुकला नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने .३८ मापाच्या रिव्हॉल्व्हरसाठी २०० ग्रेनची शिशाची गोळी पसंत केली होती. पुढे १९३० नंतरच्या दशकात उघड्या शिशाची गोळी युद्धनियमांत बसेल की नाही, अशी शंका निघून तिच्या जागी १७८ ग्रेनची, धातूचे कवच असलेली गोळी आली. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अंगात शिरून पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेने बंदी घातली होती. तिचा हा परिणाम होय.

आपल्याकडील खिशातील रिव्हॉल्व्हरांचे दर्शक, म्हणजे पुढील उंचवटा व मागील खाच, बहुधा कायमचे बसविलेले असतात. ते ज्या वजनाच्या व वेगाच्या गोळीसाठी घासून जुळविलेले असतात, ती गोळी वापरल्यासच दिसते तेथे लागते. तेव्हा हत्यारास साजेसे काडतूस निवडणे हाच सरळ मार्ग आहे.

पुंजका का पसरतो?

नेम सरकणे आणि नेम विसकटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाच गोळ्या एकाच ठिकाणी जवळजवळ बसल्या, परंतु मध्यापासून तीन इंच खाली बसल्या, तर तो सरकलेला नेम होय. त्यास उपाय आहे. पाच गोळ्या पाच दिशांस गेल्या, तर तो विसकटलेला नेम; त्यास नेमबाजाच्या युक्तीने उपाय नाही. काडतुसाच्या अंगचे विसकटण्याचे कारण पुढीलपैकी एखादे असते.

पहिले, गोळीची जाडी. ती नळीच्या पिळांहून बारीक असली तर वायू तिच्या बाजूने निसटतो, शिसे वितळून नळीस चिकटते आणि फिरकी नीट बसत नाही. फार मऊ शिशाचाही हाच दोष. पहिल्या दहा गोळ्या ठीक जातात व पुढच्या बिघडतात, असे दिसल्यास नळीत शिशाचा थर बसला आहे, असे समजावे.

दुसरे, दारूची जागा. हे काडतूस मुळात काळ्या दारूच्या काळातले. काळी दारू पुंगळी भरून टाकी. आजची धूररहित दारू थोडीच पुरते, म्हणून पुंगळीत पोकळी राहते. नळी खाली करून मग वर आणली तर दारू गोळीकडे साचते, नळी वर करून आणली तर टोपीकडे. आणि दोन्ही प्रसंगी वेग निरनिराळा मिळतो. प्रत्येक वेळी हत्यार एकाच रीतीने उचलावे, असे जाणते लोक सांगतात, त्याचे एक कारण हे आहे.

तिसरे, गोळीचा घाट. स्पर्धेतील नेमबाज याच .३२ लाँग काडतुसात सपाट तोंडाची, पुंगळीत पूर्ण बुडालेली गोळी वापरतात. ती पोकळी कमी करते, नळीस अधिक लांबीवर धरून चालते आणि कागदावर स्वच्छ गोल छिद्र पाडते. २५ मीटरांच्या ‘सेंटर फायर’ स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर मापे चालतात, तरी नामांकित नेमबाजांची पसंती बहुधा या लहान, सौम्य धक्क्याच्या काडतुसासच असते. याच प्रकारात महाराष्ट्राचे अशोक पंडित यांनी जसपाल राणांसह १९९४ च्या व्हिक्टोरिया राष्ट्रकुल स्पर्धेत जोडीचे सुवर्णपदक मिळविले, आणि राणांनी २००६ साली दोहा येथे ६०० पैकी ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. मात्र सपाट गोळी फार दूरवर स्थिर राहत नाही; ती कागदाच्या लक्ष्यासाठी घडविलेली आहे.

चौथे, डबीडबीतील फरक. एकाच कारखान्याच्या दोन खेपांतही दारू व टोपी यांत अल्प भेद असतो. निरनिराळ्या खेपांची, निरनिराळ्या वर्षांची काडतुसे एकत्र करून भरणे म्हणजे तीन जातींचे बी एका वाफ्यात टाकून एकसारख्या पिकाची अपेक्षा करणे होय.

तिफणीचा एक फण

परंतु दोष काडतुसाचाच, असा निवाडा देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या. रिव्हॉल्व्हरला नळी एक, पण घरे सहा. प्रत्येक घर नळीच्या रेषेत बिनचूक आले पाहिजे. तिफणीचा एक फण तुंबला तर प्रत्येक तिसरी ओळ विरळ उगवते. त्यासाठी कोणी शहाणा शेतकरी बियाण्यास दोष देत नाही. त्याचप्रमाणे दर सहावी गोळी बाजूस जात असेल तर ते घर वाकडे आहे. काडतूस निर्दोष असू शकेल.

दुसरी गोष्ट आपला हात. दोन दर्शकांमधील अंतर चार इंच धरले आणि पुढील दर्शक खाचेत एक बत्तिसांश इंचाने जरी सरकला, तरी १० यार्डांवर पावणेतीन इंचांहून अधिक आणि २५ यार्डांवर सात इंच चूक होते. चाप ओढताना बोट थरथरले की काडतुसातील सर्व भेद त्यात बुडून जातात. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

परीक्षा कशी घ्यावी?

परीक्षा मान्यताप्राप्त नेमबाजी मैदानावर, तेथील अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीच घ्यावी. मळ्यात, विहिरीवर किंवा लग्नाच्या मांडवात नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने समारंभात हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही सांगितले आहेत.

घरांवर क्रमांक टाकून परीक्षेसाठी एकच घर निवडावे. वाळूच्या पिशवीवर हात टेकावे, नळी टेकू नये. अंतर १० किंवा १५ यार्ड ठेवावे, व घोडा हाताने चढवून चाप हळू दाबावा. एका जातीच्या काडतुसांचे पाच-पाच गोळ्यांचे तीन पुंजके घ्यावे. मग नळी स्वच्छ पुसून दुसरी जात घ्यावी. तेल लागलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी हिशेबात धरू नये. प्रत्येक पुंजक्याचा मध्य लक्ष्यापासून किती सरला, हे एका रकान्यात आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांतील अंतर दुसऱ्या रकान्यात लिहावे. अर्ध्या इंचाच्या फरकावरून मत बनवू नये. पाच गोळ्यांत तेवढा फरक योगायोगानेही पडतो. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते हे खरे. पण वर्षभराच्या काडतुसांपैकी थोडी अशा परीक्षेस खर्च झाली तर ती वाया गेली, असे आम्ही मानीत नाही. रिकाम्या पुंगळ्या मोजून ठेवाव्या.

गोठा, खत आणि काडतूस

शेवटी, शेतकऱ्याच्या घरासच विशेष लागू असणारी गोष्ट सांगतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात सैन्याच्या हालचाली मंदावत आणि काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठविली जात. पावसाळा सरल्यावर पाहावे तो पुष्कळ पुंगळ्यांस आपोआप चिरा गेलेल्या. पुष्कळ काळ याचा उलगडा होईना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या शोधकांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया वायू, दमट हवा आणि ओढून घडविलेल्या पितळेत उरलेला ताण या तिहींच्या मिलाफाने पितळ तडकते.

आता आपल्या मळ्याकडे पाहा. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूस पावसाळ्याची दमट हवा, शेजारी गोठा, आणि त्याच खोलीत युरिया किंवा अमोनियम सल्फेटची पोती! काडतुसे ठेवण्यास याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. तडकलेली पुंगळी दाब धरीत नाही. नेम तर जातोच, प्रसंगी वायू मागे उसळून हातास व डोळ्यास इजा करितो. म्हणून काडतुसे खत, औषधे व गुरे यांपासून दूर, कोरड्या व थंड जागी, कुलूपबंद ठेवावी. कातडी पट्ट्यात महिनोगणती खोचून ठेवू नयेत. कमावलेल्या कातड्याने पितळेस हिरवा गंज चढतो. टोपीस तेल लागू देऊ नये. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या मोटारीत काडतुसे ठेवू नयेत. उष्णतेने दारूचा दाब वाढतो आणि निफाडच्या कडाक्याच्या थंडीत तेच काडतूस निराळे वागते.

आणि हे दोन नियम घरातील शस्त्रधारकाने पाठ करावे. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेस रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे. जुन्या टोपीची आग कधी कधी उशिरा पोहोचते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. हत्यार रिकामे करून नळीत गोळी अडकली आहे काय, ते पाहावे. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी गेली तर नळी फुटते.

सारांश, आपल्या हत्यारास जुळणारी एक जात व शक्य तर एक खेप निवडावी, तिची परीक्षा करावी, नोंद ठेवावी, आणि गंजलेली, चिरलेली वा संशयास्पद काडतुसे घरी न ठेवता परवानाधारक विक्रेत्याच्या किंवा पोलीस ठाण्याच्या रीतसर स्वाधीन करावी. मळ्यातील झोपडीत मजूर आपल्या लेकरांसह निजलेला असतो. चुकलेली गोळी भिंत, कूड वा माणूस यांत भेद जाणत नाही. जो आपल्या बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय पेरणी करीत नाही, त्याने आपल्या काडतुसाची परीक्षा केल्याशिवाय शस्त्रावर भरवसा ठेवू नये, एवढेच आमचे आपल्या बागायतदार बंधूंस सांगणे आहे.